कफर्णहूमचं छप्पर

शारजात, रोल्याच्या मागे, सलूनच्या बाजूच्या इमारतीची लिफ्ट
मे महिन्यापासून बंद आहे.
चौथ्या मजल्यावर दबोराकाकूंचा फ्लॅट.
तिथं शुक्रवारी आम्ही मराठीतून प्रार्थना करतो,
सतरा जण, कधी नऊ.
चपला जिन्यात. आवाज बेताचा.
शेजारचं बाळ जागं झालं तर त्याचा बाप
भिंतीवर दोनदा ठोकतो,
मग आमेन ओठांतल्या ओठांत.

शमुवेल घाटविसावे अजमानला परांचीवरून पडला.
कमरेखालचं काही ऐकत नाही आता.
बुधवारचं विमान. म्हणाला,
एकदा वर न्या रे मला.

कॅफेटेरियाच्या कुट्टीनं पांढरी प्लास्टिकची खुर्ची दिली,
परत आणायच्या बोलीवर.
चार पायांना चार जण:
मी, राहुरीचा तिमोथी उमाप, तळमजल्यावरचा बिजू,
आणि हात कमी पडले म्हणून वॉचमन रफीकुल,
कमरेला किल्ल्यांचा जुडगा खुळखुळत.
वर काय आहे, त्यानं विचारलं नाही.
दुसऱ्या मजल्यावर, कुणाच्या तरी तळलेल्या सुरमईच्या वासात,
त्यानं फक्त पकड बदलली.

काकूंनी मार्क दोन काढला.
मुद्दाम काढला का, ठाऊक नाही.
घरात पाय ठेवायला जागा नाही,
म्हणून चौघे छपरावर चढतात,
छप्पर उकरतात, बाज खाली सोडतात.

मी एसीवाला. छपरं हा माझा धंदा.
वाचन चालू होतं आणि माझ्या डोक्यात हिशेब:
बाज उतरायची म्हणजे सहा बाय तीनचं भोक.
डहाळ्या, माती, वर चोपलेला थर.
खाली बसलेल्यांच्या केसांत सगळं पडलं असणार.
आणि घरमालक?
रात्री त्याच्या बायकोनं वर पाहिलं,
तर चांदण्या दिसल्या असतील.
ते बुजवलं कोणी?
मी पुढच्या ओळींत शोधलं. नाही.

त्यानं विश्वास पाहिला तो उचलणाऱ्यांचा.
काकू तिथं थांबल्या, चष्मा पुसला.
बिजूला मराठी येत नाही, तो मान हलवत होता.
रफीकुल दाराबाहेर
आमच्या चपलांशेजारी बसून घाम टिपत होता.
शमुवेलपुढे पाण्याचा ग्लास आला,
तो म्हणाला, आधी त्याला.
आम्हा सोळा जणांना हे सुचलं नव्हतं.

मग ते वाक्य आलं. ऊठ, बाज उचल, घरी जा.

घरी जा, हे आम्ही इथं वेगळं ऐकतो.
कंपनीच्या काउंटरवर ऐकतो,
व्हिसा रद्द करून पासपोर्ट पुढे सरकवताना,
हिशेबाच्या कागदावर अंगठा घेताना.
खोलीत कुणी हललं नाही.
लपवून काय करू,
मी शमुवेलच्या उजव्या पायाच्या बोटांकडे बघत होतो.
सगळेच बघत होते.
दबोराकाकूसुद्धा, चष्म्यावरून.

फॅन फिरत राहिला.
शमुवेल म्हणाला, बोटांकडं काय बघता,
चहा टाका कुणीतरी.

आणि आम्ही हसलो, इतक्या मोठ्यानं
की भिंत दोनदा वाजली.

उतरताना वजन पुढच्या दोघांवर येतं.
ते चढताना कळत नाही.
पुढे मी आणि रफीकुल होतो.
खाली पोचल्यावर शमुवेलनं त्याचा हात धरून ठेवला,
काय बोलला ते मला ऐकू आलं नाही.
कुट्टीनं खुर्ची ओल्या फडक्यानं पुसली
आणि लगेच एका गिऱ्हाईकाखाली सरकवली.

बुधवारी विमान गेलं.

शनिवारी एका गच्चीवर जुना युनिट उतरवला.
ऊन असं की पाना फडक्यात गुंडाळून धरावा लागला.
तांब्याचा पाइप ओढून काढला,
तिथं मुठीएवढं भोक राहिलं.
खाली कुणाची तरी खोली, कुणाची तरी गादी.
सुपरवायझर म्हणाला, राहू दे, ते आपलं काम नाही.

मी घमेल्यात थोडं सिमेंट कालवलं.
चौघांबद्दल लिहिलंय, बरोबर आहे.
पण दुसऱ्या दिवशी कुणीतरी
असाच शिडीवरून वर गेला असेल,
उन्हं चढायच्या आत.
मी थापीनं कडा सारख्या केल्या
आणि ओला हात वरून फिरवला.